संकटसमयींची हांक

विद्यार्थिमित्रहो, आपल्या खानदेशांतील जुन्या गांवगाड्यांत जागल्या नांवाचा एक सेवक असे. रात्रीं गांव निजलें म्हणजे त्यानें जागें राहावें, वेशीपाशीं व शिवारांत फिरावें, आणि चोराची किंवा आगीची चाहूल लागतांच हांक द्यावी, हें त्याचें काम. दिवसा एखादी महत्त्वाची वर्दी सर्वांस कळवावयाची झाली म्हणजे गांवांत दवंडी पिटली जाई. या दोन्ही रीती आतां बहुतेक ठिकाणीं लोपल्या आहेत. परंतु ज्या गरजेपोटीं त्या निर्माण झाल्या ती गरज मात्र लोपलेली नाहीं. संकट आलें असतां एका माणसानें दुसऱ्यास कसें कळवावें, आणि कळल्यावर त्या दुसऱ्यानें काय करावें, हा प्रश्न जागल्याच्या काळीं होता तसाच आजही आहे. किंबहुना आगगाड्या, धरणें, कारखाने व भरधाव मोटारी यांच्या योगानें तो अधिकच बिकट झाला आहे. या प्रश्नाचा विचार केवळ पुस्तकी होऊं नये म्हणून आपल्याच जिल्ह्यांत घडलेल्या एका प्रसंगापासून आरंभ करूं.

ता. २२ जानेवारी २०२५ रोजीं सायंकाळीं पांच वाजण्याच्या सुमारास लखनौहून मुंबईस जाणारी पुष्पक एक्सप्रेस पाचोऱ्याजवळ, माहेजी व परधाडे या स्थानकांच्या दरम्यान, उभी राहिली. गाडीस आग लागली अशी आवई डब्यांत उठली होती आणि कोणीं तरी सांखळी ओढली होती. गाडी थांबतांच पुष्कळ उतारू घाईघाईनें शेजारच्या रुळांवर उतरले. त्याच वेळीं त्या रुळांवरून बंगळूरहून दिल्लीस जाणारी कर्नाटक एक्सप्रेस वेगानें आली. तिच्याखालीं किमान बारा माणसें मृत्यु पावलीं व कित्येक जखमी झालीं. वास्तविक पुष्पक एक्सप्रेसला आग लागलेलीच नव्हती.

आतां या प्रसंगांत हांका किती व कोणत्या दिल्या गेल्या तें नीट पाहूं. पहिली हांक तोंडाची : “आग लागली!” ती क्षणार्धांत एकाकडून दुसऱ्याकडे गेली. दुसरी हांक सांखळीची. आगगाडीच्या सर्व डब्यांखालून दाबलेल्या हवेची नळी गेलेली असते. सांखळी ओढली म्हणजे त्या नळींतील हवा बाहेर पडून दाब उतरतो व ब्रेक लागतात. ही योजना मोठी उपयुक्त खरी. पण सांखळी ज्या गाडींत ओढली जाते त्याच गाडीशीं ती बोलते. शेजारच्या रुळांवरून येणाऱ्या गाडीस तिचा एक शब्दही ऐकूं जात नाहीं. त्यासाठीं तिसरी हांक ठेवलेली आहे. गाडी वाटेंत अकस्मात् थांबली म्हणजे चालकानें इंजिनावरील लुकलुकणारा दिवा लावावा व येणाऱ्या गाडीस सावध करावें, असा रेल्वेचा नियम आहे. रेल्वेच्या अधिकाऱ्यांनीं सांगितल्याप्रमाणें पुष्पकच्या चालकानें तो दिवा लावला होता, आणि तो दिसतांच कर्नाटक एक्सप्रेसच्या चालकानें ब्रेकही लावले; परंतु तेथें मार्गास वळण असल्यामुळें दृष्टि पुरेशी दूर पोहोंचूं शकली नाहीं, आणि वेगांतील जड गाडी ब्रेक लावतांच जागच्या जागीं थांबत नसते.

म्हणजे काय झालें? जी हांक सर्वांत वेगानें धांवली ती खोटी होती. जी खरी होती तिला धांवण्यास अंतर पुरलें नाहीं. आणि ज्या चौथ्या हांकेची सर्वांत अधिक गरज होती, “त्या बाजूस उतरूं नका, दुसरी गाडी येईल,” ती उतरणाऱ्यांच्या कानीं वेळेवर पडली नाहीं. येथें कोणास दोष देण्याचा आपला हेतु नाहीं. चालत्या गाडींत आगीचें नांव ऐकून जो गडबडणार नाहीं असा मनुष्य विरळा. परंतु या दुःखद प्रसंगावरून चांगल्या हांकेचीं तीन लक्षणें आपणांस शिकतां येतात. हांक खरी असावी. ती ठिकाणाची असावी, म्हणजे संकट नेमकें कोठें आहे हें तींत असावें. आणि ती कृतीची असावी, म्हणजे ऐकणाऱ्यानें आतां काय करावें हें तींत असावें. या तिहींपैकीं एक जरी उणें पडलें तरी हांक देणाऱ्याचा कळवळा व्यर्थ जातो, आणि कधीं कधीं घातकही होतो.

पहिलें लक्षण खरेपणाचें. त्याचा धडा शेजारच्या धुळें जिल्ह्यानेंही फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. साक्री तालुक्यांतील राईनपाडा या गांवीं ता. १ जुलै २०१८ रोजीं सोलापूर जिल्ह्यांतून भिक्षेसाठीं फिरत आलेल्या पांच निरपराध माणसांस जमावानें मारून टाकलें. मुलें पळविणारी टोळी हिंडत आहे, असे खोटे संदेश त्या दिवसांत मोबाईलवरून सर्वत्र पसरले होते. तेही एका अर्थीं धोक्याचे इशारेच होते. ते पुढें धाडणाऱ्यांपैकीं बहुतेकांस आपण शेजाऱ्याच्या मुलांचें रक्षण करीत आहों असेंच वाटलें असेल. परंतु ती टोळी कोणीं पाहिली, कोठें पाहिली, केव्हां पाहिली, हें विचारण्याचे श्रम कोणीं घेतले नाहींत. पूर्वीं दवंडी कोणीं पिटविली हें गांवास ठाऊक असे, व ती खोटी ठरली तर जाब विचारतां येई. मोबाईलवरील संदेशास ना नांव, ना गांव. म्हणून तो पुढें पाठविणारा प्रत्येक जण स्वतःच दवंडीवाला होतो, आणि तिच्या खऱ्याखोट्याची जबाबदारीही त्याच्यावर येते.

यावर कोणी विचारील, “मग खात्री झाल्यावांचून ओरडूंच नये कीं काय? खात्री करीपर्यंत खरोखरच घर जळून गेलें तर?” ही शंका योग्य आहे. लांडगा आला म्हणून उगाच ओरडणाऱ्या धनगराच्या पोराची गोष्ट आपण लहानपणीं शिकतों, पण तिच्यावरून गप्प बसावें असें तात्पर्य कोणी काढूं नये. खरा लांडगा दिसल्यावर जो गप्प बसला तोही मेंढरांचा घातच करतो. यासाठीं एक सोपा नियम ध्यानांत ठेवावा : दिसलें तें सांगावें, वाटलें तें सांगूं नये. “चाकापाशीं ठिणग्या दिसल्या” हें दिसणें होय. “गाडी पेटली” हें वाटणें होय. पहिल्या वाक्यानें ऐकणारा तिकडे पाहतो. दुसऱ्यानें तो पळूं लागतो.

आतां दुसऱ्या लक्षणाकडे वळूं. हांक कोणास द्यावी आणि तींत ठिकाण कसें सांगावें? याचा इतिहास मनोरंजक आहे. लंडन शहरांत विंपोल स्ट्रीट नांवाचा रस्ता आहे. तेथें ता. १० नोव्हेंबर १९३५ रोजीं एका घरास आग लागून पांच स्त्रिया मृत्यु पावल्या. समोर राहणाऱ्या एका गृहस्थानें आग पाहून लागलीच दूरध्वनि उचलला होता. परंतु त्या काळीं सर्व बोलणीं केंद्रावरील नोकरांच्या हातून जोडून घ्यावीं लागत, आणि आगीची वर्दी व नित्याचें संभाषण यांत त्यांस भेद कळण्याचा मार्ग नव्हता. त्या गृहस्थास इतरांबरोबर तिष्ठत राहावें लागलें. त्यानें हा अनुभव वर्तमानपत्रास कळविला, सरकारनें समिति नेमली, आणि ता. ३० जून १९३७ पासून लंडनमध्यें ९९९ हा संकटसमयींचा स्वतंत्र क्रमांक सुरू झाला. तो फिरवला कीं केंद्रांत भोंगा वाजे व तांबडा दिवा लागे, म्हणजे हातांतील काम टाकून प्रथम त्याच हांकेस ओ दिली जाई. एका शेजाऱ्याच्या तक्रारीनें केवढें काम झालें पाहा! आपल्यावर ओढवलेल्या अडचणीचा योग्य ठिकाणीं उच्चार करणें हीही लोकसेवाच होय.

पुढें इतर देशांनींही हाच मार्ग धरला. अमेरिकेंत ९११ या क्रमांकाचा पहिला उपयोग ता. १६ फेब्रुवारी १९६८ रोजीं अलाबामा संस्थानांतील हेलीव्हिल या लहानशा गांवीं झाला. युरोपांतील देश जवळजवळ असल्यामुळें प्रवाशांस प्रत्येक देशाचा निराळा क्रमांक पाठ करावा लागे. म्हणून १९९१ सालीं त्यांनीं ११२ हा सर्वांस समाईक क्रमांक ठरविला. आपल्या देशांत पोलिसांसाठीं १००, आगीच्या बंबासाठीं १०१, रुग्णवाहिकेसाठीं १०८ असे अनेक क्रमांक निरनिराळ्या वेळीं सुरू झाले. महाराष्ट्रांत १०८ ची रुग्णवाहिका-सेवा २०१४ सालीं सुरू झाली तेव्हां तींत ९३७ गाड्या होत्या. हे सर्व क्रमांक उपयोगी खरे. परंतु संकटांत मनुष्याचें चित्त ठिकाणावर नसतें, अशा वेळीं कोणता क्रमांक कशासाठीं हें त्यास आठवत नाहीं. म्हणून २०१५ सालीं दूरसंचार नियामक प्राधिकरणानें एकच क्रमांक असावा अशी शिफारस केली. नोव्हेंबर २०१८ मध्यें हिमाचल प्रदेशांत प्रथम ११२ ची सेवा सुरू झाली, आणि पुढें ती महाराष्ट्रासह सर्वत्र पसरली. आतां पोलीस, आगीचा बंब किंवा रुग्णवाहिका यांपैकीं कांहींही हवें असो, ११२ हा एक क्रमांक स्मरणांत असला म्हणजे पुरे.

मात्र येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. जागल्यास गांवांतील प्रत्येक घर ठाऊक असे. “पाटलाच्या वाड्यामागें” एवढें म्हटलें तरी त्यास पुरे. आज तुम्ही ११२ फिरवलें तर तुमची हांक आपल्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यांत प्रथम जात नाहीं. ती नवी मुंबई किंवा नागपूर येथील मध्यवर्ती केंद्रांत जाते, आणि तेथून जिल्ह्याच्या पथकास कळविलें जातें. ओ देणाऱ्या त्या माणसानें खानदेश कदाचित् पाहिलाही नसेल. त्यास “पिंप्रीला या” असें सांगून काय कळणार? एका खानदेशांतच पिंप्री, पिंपळगांव, वडगांव या नांवांचीं गांवें किती आहेत! हल्लींच्या मोबाईलवरून ठिकाण कांहीं अंशीं आपोआप कळतें. तथापि त्यावर सर्वस्वीं विसंबूं नये. म्हणून बोलण्याचा क्रम असा असावा : प्रथम जिल्हा, मग तालुका, मग गांव, आणि शेवटीं जवळची ठळक खूण, जसें शाळा, देऊळ, पाण्याची टांकी किंवा पूल. त्यानंतर काय घडलें आहे, किती माणसें संकटांत आहेत, कोणी अडकलें आहे काय, हें सांगावें. आणि पलीकडचा मनुष्य “ठेवा” म्हणेपर्यंत दूरध्वनि खालीं ठेवूं नये, कारण त्यास आणखी कांहीं विचारावयाचें असतें. ठिकाण अगोदर सांगण्याचें कारण उघड आहे. मध्येंच संबंध तुटला तर, काय झालें हें न कळतांही मदत निघूं शकते. पण कोठें हें न कळल्यास सर्व कळूनही ती निघूं शकत नाहीं.

रस्त्यावर व आगगाडीच्या मार्गावर गांव जवळ नसतें. तेथें काय करावें? तेथें किलोमीटरचा दगड हेंच गांवाचें नांव समजावें. शिरपूर तालुक्यांत पळासनेर येथें मुंबई–आग्रा महामार्गावर ता. ४ जुलै २०२३ रोजीं एक भरधाव मालमोटार अनेक वाहनांस धडकून रस्त्यालगतच्या खाणावळींत घुसली व किमान दहा माणसें दगावलीं. असें स्थळ मध्यप्रदेशाच्या सीमेपासून फार दूर नाहीं. सीमेजवळ मोबाईल कधीं कधीं पलीकडच्या राज्याचा मनोरा पकडतो, आणि हांक भलत्याच राज्याच्या केंद्रांत जाऊं शकते. अशा वेळीं “महाराष्ट्र, धुळें जिल्हा, शिरपूर तालुका, महामार्गाचा अमुक किलोमीटर, सेंधव्याकडून शिरपुराकडे येणारी बाजू” असें सांगणाराच खरी मदत करतो. आगगाडीच्या मार्गालगत विजेचे जे खांब असतात त्यांवरही किलोमीटरचा आंकडा लिहिलेला असतो. प्रवासांत खिडकीशीं बसणाऱ्या मुलांनीं ते आंकडे वाचण्याचा खेळ अवश्य खेळावा. तो खेळ एखादे दिवशीं उपयोगी पडेल. रेल्वेंतील तक्रार वा संकट कळविण्यासाठीं १३९ हा क्रमांक आहे.

हांक पोहोंचली, मदत निघाली. एवढ्यानें काम संपलें काय? नाहीं. धांवून आलेल्या लोकांस एकमेकांचें बोलणें ऐकूं आलें पाहिजे. ता. ११ सप्टेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्क शहरांतील दोन उत्तुंग मनोऱ्यांवर विमानें आदळविण्यांत आलीं, तेव्हां शेंकडों अग्निशामक जवान आंत अडकलेल्यांस सोडविण्यासाठीं वर चढले. दक्षिणेकडील मनोरा आधीं कोसळला. उत्तरेकडील मनोराही पडेल असें पोलिसांच्या हेलिकॉप्टरांतून दिसत होतें व तसें त्यांनीं आपल्या बिनतारी यंत्रावर सांगितलेंही. पण पोलिसांचें यंत्र निराळें आणि अग्निशामक दलाचें निराळें. बाहेर पडण्याचा हुकूम सुटूनही तो कित्येक जवानांस ऐकूं गेला नाहीं. शेजारचा मनोरा पडला आहे हेंही अनेकांस ठाऊक नव्हतें. दोन्ही मनोऱ्यांच्या कोसळण्यांत अर्ध्या तासाचें अंतर होतें. त्या दिवशीं ३४३ अग्निशामक जवानांनीं प्राण दिले. एवढें श्रीमंत शहर, एवढीं उत्तम यंत्रें, एवढे शूर लोक. परंतु एका खात्याची हांक दुसऱ्या खात्याच्या कानीं जाईना. त्यानंतर तेथें दोन सुधारणांवर भर देण्यांत आला : निरनिराळ्या दलांचीं यंत्रें एकमेकांशीं बोलूं शकावींत, आणि प्रत्येक खात्याचे सांकेतिक शब्द सोडून सर्वांनीं साध्या भाषेंत बोलावें. आपल्याकडेही जत्रा असो, पूर असो वा अपघात असो, पोलीस, रेल्वे, महसूल, आरोग्य व अग्निशामक अशीं अनेक खातीं एकत्र येतात. त्यांनीं संकटापूर्वीं एकत्र बसून सराव केला असेल तरच संकटांत त्यांचा सूर जुळतो.

येथवर लोकांनीं सरकारास दिलेल्या हांकेचा विचार झाला. आतां उलट दिशेनें, म्हणजे अधिकाऱ्यांकडून लोकांकडे येणाऱ्या इशाऱ्याचा विचार करूं. येथें तिसरें लक्षण, कृतीचें, सर्वांत महत्त्वाचें आहे.

आपली तापी नदी याचें उत्तम उदाहरण होय. मध्यप्रदेशांत उगम पावून ती बऱ्हाणपुरावरून खानदेशांत येते. चांगदेवापाशीं तिला पूर्णा मिळते. पुढें हतनूरचें ४१ दरवाजांचें धरण लागतें. तेथून भुसावळ, चोपडा, अमळनेर, शिरपूर, शिंदखेडा या भागांतून व नंदुरबार जिल्ह्यांतून ती गुजराथेंत उकाईच्या जलाशयास मिळते, आणि शेवटीं सुरतेवरून समुद्रास जाते. बऱ्हाणपूर, गिधाडे, सारंगखेडे अशा ठिकाणीं केंद्रीय जल आयोगाचे लोक नदीच्या पातळीची नोंद घेतात. वर पाऊस पडून पाणी वाढूं लागलें म्हणजे तें सुरतेस पोहोंचण्यास कांहीं काळ लागतो. बिनतारी यंत्रानें धाडलेली बातमी मात्र क्षणांत पोहोंचते. पाणी आणि बातमी यांच्या या शर्यतींत बातमी जितकी पुढें राहील तितके प्राण वांचतात. सुरतेनें १९६८ व २००६ सालीं तापीचे भयंकर पूर सोसले आहेत. म्हणजे खानदेशांतल्या एका मोजपट्टीवरील आंकडा परमुलखांतील लाखों लोकांच्या उपयोगाचा आहे. नदीस राज्याची सीमा ठाऊक नसते; म्हणून इशाऱ्यासही ती आड येतां कामा नये.

परंतु हाच आंकडा आपल्या नदीकांठच्या शेतकऱ्यास कसा सांगितला जातो? “धरणांतून अमुक हजार क्युसेक विसर्ग सुरू आहे.” क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट, सुमारें २८ लिटर, पाणी. अभियंत्यास हा शब्द पुरेसा आहे. पण ज्याचीं गुरें कांठावर बांधलेलीं आहेत त्यास त्यावरून काय बोध व्हावा? त्यास असें सांगितलें पाहिजे : “आज रात्रीं पाणी स्मशानाच्या ओट्यापर्यंत चढेल, गुरें व मोटारी दिवस मावळण्यापूर्वीं वर न्या, नदींत कोणी उतरूं नका.” आणि हें अहिराणी बोलणाऱ्यास अहिराणींत, सातपुड्यांतील भिल्ल व पावरा बंधूंस त्यांच्या बोलींत सांगितलें तर अधिक बरें. ज्ञान अधिकाऱ्यापाशीं असतें, पण कृति शेतकऱ्यास करावयाची असते. या दोहोंमधील पूल म्हणजे भाषा.

ता. ३१ ऑगस्ट २०२१ रोजीं चाळीसगांवास हा अनुभव आला. रात्रीच्या अतिवृष्टीनें तितूर व डोंगरी या नद्यांस पूर येऊन पाणी शहरांत व आसपासच्या खेड्यांत शिरलें. शेंकडों गुरें वाहून गेलीं. कन्नडच्या घाटांत दरडी कोसळून रस्ता बंद झाला. लहान नद्यांचा पूर तापीसारखा दिवसभर आधीं वर्दी देऊन येत नाहीं. तो कांहीं तासांत, आणि पुष्कळदां झोंपेंत, येतो. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत जर्मनीसारख्या पुढारलेल्या देशांत आर नदीच्या खोऱ्यांत व आसपास १८० हून अधिक माणसें पुरांत बुडालीं. पावसाचे अंदाज अगोदर निघाले होते. पण कित्येकांपर्यंत इशारा पोहोंचला नाहीं, आणि पोहोंचला त्यांतील अनेकांस पाणी आपल्या माडीपर्यंत चढेल हें कळलें नाहीं.

यावर आजकाल एक नवा उपाय निघाला आहे. साधा संदेश एकेका क्रमांकास वेगळा पाठवावा लागतो, त्यामुळें गर्दी झाली कीं तो अडकतो. नव्या रीतींत मोबाईलचा मनोराच आपल्या टापूंतील सर्व यंत्रांस एकाच क्षणीं संदेश देतो; कोणाचा क्रमांक ठाऊक असण्याचीही गरज नसते. ही जणुं बिनतारी दवंडीच म्हणावयाची. जर्मनीनें फेब्रुवारी २०२३ मध्यें ती सुरू केली. भारतांतही २०२३ सालीं तिची चांचणी झाली, तेव्हां घरोघरीं मोबाईल एकाएकीं कर्कश वाजूं लागल्याचें तुम्हांस आठवत असेल. जपानांत तर २००७ सालापासून भूकंपाचा इशाराही सर्व लोकांस दिला जातो. भूकंपाच्या पहिल्या लाटा जलद पण सौम्य असतात. नासधूस करणाऱ्या लाटा मागून येतात. पहिल्या लाटांची चाहूल यंत्रांस लागतांच विजेच्या वेगानें संदेश सुटतो, आणि लोकांस कांहीं सेकंद मिळतात. कांहीं सेकंदांत काय होणार, असें वाटेल. पण जपानी मुलांनीं शाळेंत वारंवार सराव केलेला असतो. म्हणून तेवढ्यांत तीं मेजाखालीं शिरतात. आपल्याकडे २०२३ सालीं यंत्र वाजलें तेव्हां मात्र पुष्कळजण दचकून एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागले. इशाऱ्याचें यंत्र विकत आणतां येतें. त्यास ओ देण्याची संवय विकत आणतां येत नाहीं, ती घरीं व शाळेंतच लावावी लागते.

विद्यार्थिमित्रहो, या सर्व विवेचनाचें सार थोडक्यांत असें आहे. संकटसमयींची हांक ही सांखळी आहे. कोणी तरी पाहतो, तो सांगतो, सांगितलेलें पोहोंचतें, तें दुसऱ्यास समजतें, आणि मग कृति होते. मनोरे, केंद्रें व रुग्णवाहिका या मधल्या कड्या होत. त्या सरकारानें मजबूत कराव्या, आणि नसतील तर आपण तशी मागणी करावी. परंतु पहिली व शेवटची कडी नेहमीं तुमच्याआमच्यासारखा साधा मनुष्य असतो. परधाड्यास आणि राईनपाड्यास तुटली ती पहिलीच कडी. गंमत म्हणून ११२ फिरविणारा मुलगा, न पाहिलेल्या गोष्टीचा संदेश पुढें धाडणारा गृहस्थ, आणि धोक्याची सूचना हंसण्यावारीं नेणारा शेजारी, हे तिघेही ती कडी रोज थोडी थोडी झिजवीत असतात.

पालकवर्गासही एक विनंति आहे. घरांतील प्रत्येक मुलास आपला पत्ता जिल्हा, तालुका, गांव व खूण या क्रमानें पाठ म्हणतां येतो कीं नाहीं, हें आज रात्रीं जेवणापूर्वीं विचारून पाहावें. मुलास पाढे येतात, परदेशांच्या राजधान्या येतात, आणि आपल्या घरीं मदत बोलावतां येत नाहीं, असें होऊं नये. वृद्धांच्या मोबाईलमध्यें ११२ हा क्रमांक कसा फिरवावा तें मुलांनीं त्यांस दाखवावें, आणि पावसाळ्यापूर्वीं पूर आल्यास सर्वांनीं कोठें जमावें हें घरांत ठरवून ठेवावें. या कामास पैसा लागत नाहीं. जागल्या एकटा जागा राहत असे आणि सारें गांव निजत असे. आतां ते दिवस राहिले नाहींत. आतां प्रत्येकानें थोडें थोडें जागें राहिलें पाहिजे.

स्वाध्याय

१. तुमच्या घरास आग लागली आहे असें समजून ११२ वर सांगावयाचीं पहिलीं तीन वाक्यें लिहा. त्यांत ठिकाण प्रथम आलें आहे काय तें पाहा.

२. “पुढील चोवीस तासांत नदींतील विसर्ग वाढविण्यांत येणार आहे” ही सूचना तुमच्या आजीस समजेल अशा बोलींत लिहा. तींत काय करावें हें सांगण्यास विसरूं नका.

३. “वाटलें” व “दिसलें” यांतील भेद दाखविणारीं पांच वाक्यांचीं जोड्या तयार करा.

४. शाळेच्या वाटेवरील किलोमीटरचे दगड व पूल यांची यादी करून वर्गांत टांगा.